दक्षिण स्पेनची पहिली सहल: कोर्दोबा, सेव्हिया, ग्रानादा कसं बसवावं?

मृगबहार

रामराम मंडळी. २०२७ च्या एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात दक्षिण स्पेन करायचं ठरतंय. चार माणसं: नवरा-बायको, आई ६१, बाबा ६६. एकूण ११ रात्री. तोवर गहू-चणा घरी आलेला असतो आणि मृगाच्या आत परत यायला भरपूर वेळ राहतो, म्हणून हाच काळ.

गाव वरूड तालुक्यात, उत्पन्न सगळं शेतीचं. सातबारा आहे, आयटीआर कधी भरलेला नाही. याच्यावर शेंगेन व्हिसा (स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) मिळतो का? कागद काय काय लागतात?

शहरांचा क्रम कोणता ठेवावा, आणि गाडी भाड्यानं घ्यावी की ट्रेन-बस पुरते? आई-बाबा पक्के शाकाहारी, अंडंही नाही. बाबांचा गुडघा दुखतो, चढ जमतो पण उतार जड जातो. काय सोडावं, काय सोडू नये ते सांगा. टूर कंपनीसोबत जायचं नाही.

---

तिकीटघर

भाऊ, क्रम नंतर ठरतो. आधी अल्हाम्ब्राचा, म्हणजे ग्रानादातल्या डोंगरावरच्या जुन्या किल्ला-महालांचा दिवस धरा. या सहलीत ज्याला पर्याय नाही असं तिकीट ते एकच. कोर्दोब्याच्या मेस्कितेचं (जुनी मशीद, आता चर्च) तिकीट त्याच दिवशी मिळतं, सेव्हियाच्या आल्कासार राजवाड्याचं आठवडाभर आधी पाहिलं तरी बहुतेक जमून जातं. अल्हाम्ब्रामधल्या नासरी महालांत मात्र दर अर्ध्या तासाला मोजकीच माणसं सोडतात आणि एप्रिल-मेची तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. विमान-हॉटेल सगळं पक्कं केल्यावर तिथं जाऊन कळतं की फक्त बागांचं तिकीट शिल्लक आहे. नासरी महाल नाहीत, तर ग्रानादाला जाऊन अर्धंच पाहणं होतं.

तिकीट अल्हाम्ब्राच्या सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. 'जनरल' प्रकार निवडा. त्यात नासरी महाल, आल्कासाबा किल्ला आणि हेनेरालिफेच्या बागा तिन्ही येतात. 'गार्डन्स' नावाच्या तिकिटात महाल नसतात, घाईत लोक तेच काढून बसतात. किंमत माणशी वीस युरोच्या आसपास धरा. मध्यस्थ वेबसाइटी हेच तिकीट गाइडसकट दुप्पट-तिप्पट भावात विकतात. सरकारी कोटा संपला असेल तरच तिकडे वळा.

नाव आणि पासपोर्ट क्रमांक चौघांचा वेगवेगळा भरावा लागतो आणि आत मूळ पासपोर्ट पाहतात, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो धरून चालू नका. कोणाचा पासपोर्ट नूतनीकरणाला द्यायचा असेल तर तो आधी हाती येऊ द्या. नवीन पासपोर्टचा क्रमांक बदलतो, आणि जुन्या क्रमांकावर काढलेलं तिकीट मग दारावर वादात अडकतं.

आता ११ रात्री. मला असं बसलेलं बरं वाटतं: माद्रिद १, कोर्दोबा २, सेव्हिया ४, ग्रानादा ३, मालागा १. माद्रिदला उतरायचं आणि मालागाहून उडायचं. मालागाला इस्तंबूलमार्गे विमानं आहेत, म्हणजे परत माद्रिद गाठायची गरज नाही. येताना-जाताना वेगळं शहर धरलं की तिकीट फार महाग होत नाही, आणि ट्रेनचा एक अख्खा दिवस वाचतो. परतीचंही माद्रिदहूनच स्वस्त मिळालं तर मालागा ते माद्रिद ट्रेन अडीच-तीन तासांची आहे, तीही चालते.

माद्रिद-कोर्दोबा जलद गाडीनं पावणेदोन तास. कोर्दोबा-सेव्हिया पाऊण तास. सेव्हिया-ग्रानादा अडीच-तीन तास. ग्रानादा-मालागा मात्र बसनं जा, दीड-पावणेदोन तासांत पोचते. ट्रेननं वळसा पडतो. आल्सा कंपनीच्या बसेस असतात, सामान पोटात ठेवतात.

गाडी भाड्यानं घेऊ नका. ही चारही शहरं जुन्या गल्ल्यांची आहेत. बऱ्याच गल्ल्यांत बाहेरच्या गाडीला मनाई आहे आणि ती पाळली जाते की नाही हे कॅमेरा पाहतो. दंड भाड्याच्या कंपनीमार्फत घरी आल्यावर कळतो. शिवाय पार्किंगचे पैसे वेगळे. गाडी फक्त रोंदाकडची पांढरी गावं फिरायची असतील तर कामाची, आणि पहिल्या खेपेला ती सोडलेली बरी.

माद्रिदला उतरल्या दिवशीच पुढची ट्रेन धरू नका. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला रांगेत किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. म्हणूनच एक रात्र माद्रिदला धरली. दुसऱ्या दिवशी आतोचा स्टेशनवर अर्धा-पाऊण तास आधी पोचा. जलद गाडीच्या फलाटावर जायच्या आधी सामान स्कॅन होतं, आणि गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी दार लावतात. धावत जाऊन डब्याची दांडी पकडायचा प्रकार तिथं नाही.

रेन्फे या सरकारी रेल्वेशिवाय ऊईगो आणि इरयो या दोन कंपन्यांच्या गाड्याही माद्रिदहून खाली येतात, तिघांचे भाव ताडून पाहा. तारीख जवळ आली की भाव चढतो. भारतीय कार्ड रेन्फेच्या साइटवर नाकारलं गेलं तर आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलाय का ते पाहा. निम्म्या वेळी अडचण तिथंच असते.

---

सातबारा_आठअ

व्हिसाचं सांगतो. आणि तिकीटघर यांच्या एका मुद्द्याला विरोधही करतो.

शेतीच्या उत्पन्नावर व्हिसा मिळतो. शेतकरी असणं ही अडचण नाही. अडचण होते ती उत्पन्न कागदावर दिसत नाही तेव्हा. स्पेनचे अर्ज भारतात बीएलएस इंटरनॅशनलच्या केंद्रात घेतात आणि बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावं लागतं. मागच्या ५९ महिन्यांत कोणी शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर पुन्हा लागत नाहीत. तुमच्याकडे चौघंही नवे दिसता, म्हणजे मुंबईची एक फेरी धरून चाला. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, १५ दिवसांच्या आत आला तर घेत नाहीत. एप्रिलसाठी नोव्हेंबर-डिसेंबरपासून अपॉइंटमेंट पाहायला लागा. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांची गर्दी फेब्रुवारीतच सुरू होते.

फी मोठ्या माणसाला ९० युरो, केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. नाकारलं तरी परत मिळत नाही.

कागद असे: पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला, परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा, दोन पानं कोरी. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. ३०,००० युरोचा प्रवास विमा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. विमान आणि हॉटेलचं आरक्षण. रोजचा कार्यक्रम एका पानावर. मागच्या महिन्यांचं बँक स्टेटमेंट, किती महिन्यांचं ते केंद्राच्या यादीत पाहून घ्या. त्यावर बँकेचा शिक्का आणि सही हवी. पासबुकाच्या झेरॉक्सवर काम भागवू नका.

शेतकऱ्यासाठी वर हे जोडा: सातबारा आणि आठ-अ, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीच्या हिशोब पट्ट्या, कापूस दिला असेल तर त्याची पावती, संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला दिला असेल तर सौद्याचा कागद. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. व्हिसा अधिकाऱ्याला 'भोगवटादार वर्ग १' कळत नाही, भाषांतरात ते सरळ 'मालक' म्हणून समजलं पाहिजे. सातबाऱ्यावर भावाभावांची सामाईक नावं असतील तर कोणाचा वाटा किती ते सोबतच्या पत्रात एका वाक्यात लिहा.

आता खरी गफलत कुठं होते ती पाहा. आपल्याकडे पैसा वर्षातून दोनदा-तीनदा येतो, आणि येतो तो ढिगानं. खातं आठ महिने वीस-तीस हजारांवर रेंगाळतं आणि डिसेंबरात एकदम चार लाख जमा. अधिकाऱ्याला ते उसने आणून भरल्यासारखं दिसतं. इलाज सोपा आहे: प्रत्येक मोठ्या रकमेसमोर तिची पट्टी जोडा. स्टेटमेंटवर पेन्सिलीनं १, २, ३ असे आकडे टाका आणि पट्ट्यांवर तेच आकडे. रोख विकलेल्या मालाचं मात्र काही करता येत नाही. म्हणून या हंगामातला माल तरी चेकनं किंवा खात्यावरच घ्या.

पैसे किती दिसले पाहिजेत? स्पेनचा हिशोब त्यांच्या किमान वेतनावर चालतो. २०२५ मध्ये माणशी रोजचे ११८.४० युरो होते, नंतर तो आकडा वाढत जातो. चौघं, ११ रात्रींचे १२ दिवस म्हणजे ५,७०० युरोच्या जवळ. युरो शंभराच्या वर धरला तर सहा लाखांच्या आसपास खात्यात असू द्या, आणि अर्जानंतर लगेच काढू नका.

आयटीआर: शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्न भरता येतो, त्यात ते सूट म्हणून दाखवतात. शेती उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. या वर्षी भरून घ्या, कागद भक्कम होतो. पैसे बाबांच्या खात्यावर आणि खर्च सगळ्यांचा तेच करणार असतील, तर तसं त्यांच्या सहीचं पत्र आणि नात्याचा पुरावा, म्हणजे जन्मदाखला किंवा लग्नाचं प्रमाणपत्र. रेशनकार्डावर भिस्त ठेवू नका.

विरोध याला: व्हिसा हाती नसताना अल्हाम्ब्राचं तिकीट काढू नका. ते परत होत नाही. हॉटेल 'मोफत रद्द' प्रकारातलं घ्या, विमानाचं फक्त आरक्षण ठेवा, व्हिसा लागला की सगळं पक्कं करा.

---

तिकीटघर

सातबारा यांचं गणित व्हिसापुरतं बरोबर आहे, पण नुकसान तोलून पाहा. व्हिसा अडला तर चार तिकिटांचे आठ-नऊ हजार बुडाले. तिकीट नाही मिळालं आणि व्हिसा लागला, तर लाखांचा प्रवास करून महाल बाहेरून पाहायचे. माझं मत तेच: तारीख निघाली की हे एक तिकीट आधी काढा, बाकी सगळं रद्द होणारं ठेवा. व्हिसा जानेवारीच्या आधी हाती येणार असेल तर मग थांबायला हरकत नाही.

आणि अर्जातल्या कार्यक्रमात 'ग्रानादा, अल्हाम्ब्रा, अमुक वाजता' असं तिकिटासकट दिसलं तर कार्यक्रम खरा वाटतो, हा वरचा फायदा.

---

पऱ्हाटी

उन्हाचं कोणी बोललं नाही म्हून मी सांगतो. भाऊ, चंद्रपूर-अकोल्याचं ऊन खाल्लेल्या माणसाले तिथल्या एप्रिलचं भेव नाही. एरवी पंचवीसच्या आसपासच राहते. पण कधीमधी उसळी मारते बरं. २७ एप्रिल २०२३ ले कोर्दोब्याच्या विमानतळावर ३८.८ अंश गेलं होतं. ते सोडा. आपला माणूस फसते तो घड्याळात.

आपल्याइकडे सूर्य सव्वाबाराले डोक्यावर येते. सेव्हियात तो येते सव्वादोन-अडीचले. स्पेन हाय लंडनच्याही पश्चिमेले, पण १९४० पासून घड्याळ चालवते बर्लिनचं. त्याच्यात उन्हाळ्यात आणखी एक तास पुढं करते. म्हून तिथं चार वाजले म्हंजे आपले दोन वाजल्यावानी. आपण काय म्हणतो, चार वाजता ऊन उतरलं की निघू. तिथं चारले निघाल तर बराबर डोक्यावरच्या उन्हात सापडाल, अन् सगळ्यात तपते ते पाच-सहाले. दिवस बुडते एप्रिलच्या शेवटी नवाच्याही नंतर.

म्हून सकाळी येरवाळी निघा. दोनपर्यंत फिरून घ्या, मंग जेवण अन् झोप, अन् सातले पुन्हा बाहेर. तिथले लोकं दुपारी दुकान लावून घेतात ते आळशी हाय म्हून नाही.

ग्रानादा वेगळं पडते. सातशे मीटर उंचीवर, मांगं सिएरा नेवादाचा बर्फ. सकाळी आठ-दहा अंश राहते. आई-बाबाले स्वेटर घ्याच.

अन् सेव्हियाच्या रस्त्यावर दोन्हीकून संत्र्याचे झाडं पायसाल. मार्च-एप्रिलात फुलं येतात, अन् आंबिया बहार फुटल्यावर आपल्या बगीच्यात जसा वास सुटते तसा अख्ख्या शहरात सुटते. एखांदं फळ राह्यलं असंन तं तोडून खाऊ नका. तो कडू संत्रा हाय, जंबेरीच्या जातकुळीचा तोंडाले. इंग्रजाचा मार्मलेड त्याचाच होते.

---

मीठ_भाकर

जेवण. पक्क्या शाकाहारी माणसासाठी हा भाग अवघड नाही, फक्त फसवा आहे.

पहिली गोष्ट: तिथं 'मांस नाही' म्हटलं की लोक गाय-डुक्कर-कोंबडीचा तुकडा नाही एवढंच धरतात. खामोन म्हणजे डुकराची वाळवलेली मांडी, ती पातळ काप करून भाजीवर, सूपवर, कशावरही भुरभुरतात आणि त्याला मांसात मोजतच नाहीत. हिरव्या शेंगांची भाजी मागवली तरी खामोन येतो. 'मिक्स सॅलड' मागवलं की त्यावर ट्यूना मासा आणि उकडलेलं अंडं. म्हणून नुसतं 'सोय बेखेतारियानो' पुरत नाही. पूर्ण वाक्य कागदावर लिहून ठेवा आणि दाखवा: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन आतून, सिन वेवो. मांस, मासा, खामोन, ट्यूना, अंडं, यातलं काही नको. पाचही शब्द लागतात.

दुसरी फसगत तोर्तिया. मेक्सिकोची तोर्तिया मक्याची पोळी असते, स्पेनची तोर्तिया म्हणजे बटाटा घातलेलं अंड्याचं जाड धिरडं. मेनूत चित्र पाहून आई पोळी समजून मागवेल.

काय खाता येतं? सेव्हियाची 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' आधी शोधा: पालक आणि काबुली चणे, लसूण, जिरं, लाल तिखट, घट्टपणासाठी तळलेला पाव वाटून. पहिल्या घासाला घरचंच वाटतं. कोर्दोब्यात वांग्याचे तळलेले काप उसाच्या काकवीसारख्या पाकासोबत देतात, नाव 'बेरेन्खेनास कोन मिएल'. मासे तळलेल्या तेलातच तळतात का ते मात्र विचारा. 'साल्मोरेखो' हे टोमॅटो-पावाचं थंड घट्ट सूप, त्यावर अंडं आणि खामोन टाकतात. दोन्ही वगळून मागा, ती फक्त वरून टाकलेली असतात. गास्पाचो आणि बदामाचं थंड 'आखोब्लान्को' बहुतेक ठिकाणी निर्धास्त. 'पिस्तो' ही टोमॅटो, ढोबळी मिरची, झुकिनीची भाजी, वरचं तळलेलं अंडं नको म्हणा. न्याहारीला 'तोस्तादा कोन तोमाते': भाजलेला पाव, किसलेला टोमॅटो, ऑलिव्हचं तेल, मीठ. चुर्रो म्हणजे मैदा, पाणी, मीठ, तळून. तेही चालतात.

बेकरीत जपून. 'मान्तेका' शब्द दिसला की ती डुकराची चरबी. मान्तेकादो आणि पोल्वोरोन नावाच्या खुसखुशीत वड्या त्याच्याच असतात, आपल्या नानकटाईसारख्या दिसतात म्हणून हात जातो.

वेळा: दुपारचं जेवण दीड ते चार, रात्रीचं साडेआठ-नऊनंतर. साडेपाचला हॉटेलात गेलात तर स्वयंपाकघर बंद असतं, फक्त कॉफी मिळते. वयस्क माणसं सोबत असतील तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. कुकर नेऊ नका, पातेलं असतं. डाळ-तांदूळ सुपरमार्केटात मिळतात, तूर डाळ नाही पण मसूर सगळीकडे, नाव 'लेन्तेखास'. साधं दही म्हणजे 'योगुर नातुराल'. रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद, १ मेला सगळंच. २०२७ मध्ये १ मे शनिवारी आहे, म्हणजे दोन दिवस लागोपाठ. तेव्हा तिथंच असाल तर शुक्रवारी भरून ठेवा.

पाणी नळाचं पितात. हॉटेलात 'आग्वा देल ग्रीफो' म्हणा, २०२२ च्या कायद्यानं ते फुकट द्यावं लागतं. नुसतं 'आग्वा' म्हटलं की बाटली उघडून बिलात घालतात.

---

मृगबहार

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलं. तिकीट आधी काढायचं, पक्कं. आयटीआर-२ ची व्यवस्था या महिन्यातच करतो.

अजून तीन विचारायचं होतं. घरची जवसाची चटणी, संत्रा बर्फी आणि थोडी संत्री न्यावी म्हणते आई, नेता येतात का? सेव्हियाच्या चार दिवसांत रोंदा की कादिझ? आणि अल्हाम्ब्रात बाबांचा गुडघा कसा सांभाळायचा?

---

मीठ_भाकर

संत्री अजिबात नाही. युरोपात बाहेरून ताजी फळं न्यायला रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन ही पाच सोडली तर सगळ्यांना. दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानात चालतच नाहीत, म्हणजे तूप, खवा, पनीर, पेढे घरी. संत्रा बर्फीत खवा असतो, तिच्यावर अधिकाऱ्याशी वाद घालत बसण्यापेक्षा न नेलेली बरी. जवसाची, तिळाची कोरडी चटणी, भाजलेले शेंगदाणे, चिवडा न्या. लोणचं मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत बांधून. हातातल्या बॅगेत तेलाचं काही ठेवू नका.

---

तिकीटघर

गुडघा उतारावर दुखतो म्हणालात, म्हणून रोंदा की कादिझ याचं उत्तर कादिझ. समुद्राकाठचं सपाट शहर, सेव्हियाहून ट्रेन पावणेदोन तासांच्या आत, स्टेशनातून बाहेर पडलं की जुनं गाव. रोंदाचा पूल, १७९३ मध्ये पुरा झालेला, ९८ मीटर खोल दरीवर, दिसतो फारच देखणा. पण त्याचं खरं रूप दरीत उतरून खालून दिसतं आणि तोच उतार-चढ बाबांना नको. तुम्ही दोघं बसनं एका दिवसात जाऊन येऊ शकता, आई-बाबा त्या दिवशी सेव्हियात विसावतील.

सेव्हियाच्या कॅथीड्रलचा हिराल्दा मनोरा फसवतो. त्यात जवळपास पायऱ्याच नाहीत, ३५ उतारवाटा आहेत, पूर्वी अजान देणारा जनावरावर बसून वर जाई म्हणून तशा केलेल्या. चढताना बाबा म्हणतील काहीच नाही. उतरताना तेच ३५ उतार गुडघ्यावर येतात. त्यांना खाली कोलंबसाच्या कबरीपाशी बसवा.

कोर्दोब्यात मेस्किता सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट उघडी असते, गट आणि गाइड सोडत नाहीत. पैशापेक्षा शांततेसाठी ही वेळ धरा. आठशेच्या वर खांब, लाल-पांढऱ्या कमानी, आणि मधोमध सोळाव्या शतकात घुसवलेलं चर्च. माणसांची गर्दी नसली की खांबांच्या रांगा तिरप्या कशा जुळतात ते दिसतं, आपल्याकडं चौफुलीवर लावलेल्या कपाशीच्या तासांसारख्या. कोर्दोब्याचा तुमचा पूर्ण दिवस सोमवारी येऊ देऊ नका. मेदिना आसाहारा (शहराबाहेरचे जुन्या राजनगरीचे अवशेष) आणि कोर्दोब्याचं आल्कासार त्या दिवशी बंद असतं.

आता अल्हाम्ब्रा. तिकिटावरची वेळ फक्त नासरी महालांची असते. बाकी भाग त्याच दिवशी आधी-नंतर केव्हाही. मुख्य तिकीटघर हेनेरालिफेच्या बाजूला आहे आणि तिथून महालांच्या दारापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात, गुडघा असेल तर अर्धा तास. लोक साडेदहाच्या वेळेला सव्वादहाला तिकीटघरापाशी पोचतात आणि महाल हुकतात. अर्ध्या तासाची मुदत गेली की सोडत नाहीत.

चौघांसाठी असं करा. महालांची वेळ सकाळी साडेदहा-अकराची घ्या. इसाबेल ला कातोलिका चौकातून सी-३० किंवा सी-३२ ची लहान बस वर जाते, पायी चढू नका. तिकीट मोबाइलमध्ये असेल तर तिकीटघरापर्यंत न जाता 'पुएर्ता दे ला खुस्तिसिया' या दरवाजाच्या थांब्यावर उतरा, तिथून महाल जवळ. आधी महाल, मग आल्कासाबाचं अंगण (बुरूज बाबांनी सोडायचा), मग बाकावर बसून जवळचं खाऊन हेनेरालिफे शेवटी. हेनेरालिफेकडूनच बाहेर पडा, म्हणजे परत मागं यावं लागत नाही आणि बसचा थांबाही तिथंच. पाठीवरची बॅग आत पुढं अडकवायला लावतात, मोठी असेल तर ठेवून जावं लागतं.

बाबा शेतकरी आहेत म्हणून एक सांगतो, हे गाइड बहुधा भरभर उरकतात. सिंहांच्या चौकातले १२ सिंह सगळे पाहतात, पण पाणी तिथं येतं कसं ते पाहा. दारो नदीला किल्ल्याच्या बरंच वर बांध घालून एक पाट काढला, नाव 'आसेकिया रेआल', राजपाट म्हणा. डोंगराच्या कडेकडेनं जेमतेम ढाळ देत तो काही किलोमीटर आणला आणि हेनेरालिफेच्या मधल्या अंगणातून सरळ काढला. मोटार नाही, पंप नाही. लवणातलं पाणी पाटानं वरच्या वावरात आणायचं गणित ज्याला माहीत आहे त्याला तो ढाळ पाहूनच कळेल की काम किती नाजूक आहे. एक बोट जास्त ढाळ दिला तर पाट माती खातो, कमी दिला तर गाळ साचतो. पाण्याला वेग हवा तिथं हेनेरालिफेत दगडी जिन्याच्या कठड्यातून पन्हाळ काढून पाणी खाली सोडलंय. हात घालून पाहा.

ग्रानादातला आल्बाइसिन मोहल्ला गोट्यांच्या फरसबंदीचा आणि चढाचा आहे. वर सी-३१ बस जाते. वर बसनं जा आणि खालीही बसनंच या.

---

पऱ्हाटी

पैशाचं राहून गेलं. यूपीआयवर भिस्त ठेवू नका, दोन कार्डं ठेवा, दोघांच्या खिशात एकएक. दुकानदाराची मशीन इचारते, रुपयात कापू का युरोत? युरोच दाबा. रुपयात दाबलं की त्याईचा भाव लागते अन् पाच-सात टक्के असेच जातात.

चार्जरची दोन गोल पिनांची आपली पिन तिथं बसते, तीन पिनांची नाही. एक अडॅप्टर अन् एक मल्टिप्लग घरूनच न्या.

अन् ग्रानादा, सेव्हियाच्या चर्चापुढं बाया हातात हिरवी डहाळी देतात, रोझमेरीची. फुकट म्हून घेतली की हात धरून भविष्य सांगतात अन् पैसे मांगतात. हात खिशातच ठेवा, आईले आधी सांगून ठेवा. आपल्याकडं देवळापुढं कोणी फूल दिलं तं नाही म्हणत नाही ना ती.